शेक 39 की 20, हे आम्हाला आधी कोण सांगणार?

मा. आरोग्यमंत्री, आरोग्य खात्यातले अधिकारी, आणि राज्यात जिथे जिथे कॅन्सरचं रेडिएशन दिलं जातं तिथल्या विभागांचे प्रमुख डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी खालच्या वाडीतले काका माझ्या दुकानात आले. मी देवगड तालुक्यातल्या एका गावात ई-सेवा केंद्र चालवतो, सातबारा, पॅन, रेशनकार्डाची कामं आणि जन आरोग्य योजनेचं कार्ड काढायचं असलं तरी लोक माझ्याकडेच येतात. काका एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. पिशवीतून फाईल काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले बघ रे काय लिवलंय. प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर, हाडात वगैरे कुठे पसरलेला नाही, इंजेक्शन सुरू झालेलं, आणि शेवटच्या पानावर रेडिएशनच्या सिटिंग किती तो आकडा पेनाने लिहून त्याला गोल केलेला. 39.

तो 39 बघून माझ्या पोटात गोळाच आला, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांच्या फाईलवर हाच आकडा असाच गोल करून लिहिलेला होता. तेव्हा मी काही विचारलं नाही. यावेळी गप्प बसवत नाहीये म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी बाबांचं सांगतो. वय 68, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) 14, बायोप्सीत ग्लीसन (पेशी किती बिघडल्यात त्याचा आकडा) 3+4, म्हणजे मधल्या धोक्याचा कॅन्सर, फार साधा नाही आणि फार वाईटही नाही. घाटावरच्या एका हॉस्पिटलात योजनेतून शेक सुरू झाला (आमच्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात, कोणी लाईट म्हणतं). 12 फेब्रुवारी 2024 ला पहिली सिटिंग झाली आणि शेवटची 22 एप्रिलला. रोज 2 ग्रे (शेकाचा डोस मोजायचं माप), एकूण 78 ग्रे. सिटिंग 39, पण आम्ही तिथे राहिलो 71 दिवस, कारण शनिवार-रविवार बंद, शिवजयंती बंद, महाशिवरात्र, धुळवड, गुड फ्रायडे, पाडवा, ईद, रामनवमी बंद, आणि वर मशीन तीन वेळा बिघडून पाच दिवस गेले. आणि मधे घरी जाऊन येऊ म्हटलं तर करूळ घाट तेव्हा रस्त्याच्या कामासाठी बंद, भुईबावड्यातून फिरून जायचं, बाबांना दर पाऊण तासाने लघवीला थांबावं लागायचं, एकदाच गेलो आणि परत नाव काढलं नाही.

ज्यांनी हे जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो की एक सिटिंग म्हणजे काय. टेबलावर पंधरा मिनिटं, बस. पण त्याच्या आधी पोट साफ झालेलं पाहिजे, मग लघवी करून यायचं, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि पाऊण तास थांबायचं, कारण मूत्राशय भरलेलं असलं की ते आणि आतडी शेकाच्या वाटेतून थोडी बाजूला सरतात. मी एका बाटलीवर मार्करने रेघ मारून दिली होती, बाबा, इथपर्यंत. ते पाणी पिऊन टोकन नंबर धरून बसायचे आणि आतून निरोप यायचा की अजून तीन पेशंट आहेत, किंवा मशीन गरम झालंय, अर्धा तास लागेल. 68 वर्षांचा माणूस, प्रोस्टेट सुजलेलं, मूत्राशय गच्च भरलेलं, दोन्ही गुडघे जवळ धरून बाकड्यावर बसलाय आणि समोर टीव्हीवर कुकरची जाहिरात चाललीय. दोनदा बाबांना धरवलं नाही. दुसऱ्या वेळी लेंगा धुऊन खोलीतल्या खिडकीत वाळत टाकला आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले, त्या रात्री जेवले नाहीत. असं 39 वेळा.

खोली दिवसाला 400 रुपये, म्हणजे 28,400 नुसतं भाडं. उपचाराचे पैसे योजनेतून गेले, त्याबद्दल मनापासून आभार, त्यात तक्रार नाही. पण फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे आमच्याकडे काय असतं ते तुम्हाला माहीत असेलच. शंभरावर कलमं आहेत, ती नेपाळी राखणदारांवर सोडून आलेलो, फवारणी कधी झाली कधी नाही, थ्रिप्सने मोहोर खाल्ला, आणि जो आंबा राहिला तो व्यापाऱ्याने उभ्या झाडावर सांगेल त्या भावात घेतला. बाबा रोज संध्याकाळी तेच विचारायचे, "अरे, अजून किती दिस हयसर ऱ्हवाचा? आंबो काढूक कोण जातलो?" शिमग्याला बाबा मांडावर नाहीत असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

आता मुद्द्यावर येतो. सव्विसाव्या की सत्ताविसाव्या सिटिंगच्या दिवशी मशीन बंद होतं, तिथली एक शिकाऊ डॉक्टर, पोरगी फार चांगली होती, बाबांची विचारपूस करत बसली होती. मी सहज म्हटलं मॅडम हे लवकर संपायचा काही मार्ग नाही का. ती म्हणाली, यांच्या केसमध्ये खरं तर 20 मध्येही झालं असतं, पण आपल्याकडे प्रोटोकॉल 39 चा आहे. इतकं सहज म्हणाली. मला वाटलं ती 20 म्हणजे कमी उपचार म्हणतेय, स्वस्तातला. रात्री मोबाईलवर वाचायला लागलो, मग घरी आल्यावर वाचलं, मग ओळखीच्या दोन डॉक्टरांना विचारलं, आणि जे कळलं ते असं.

डोस रोज 2 ग्रे देण्याऐवजी रोज 3 ग्रे दिला तर एकूण 60 ग्रे मध्ये, 20 सिटिंगमध्ये, चार आठवड्यांत काम होतं. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा सावकाश वाढणारा, आणि अशा सावकाश वाढणाऱ्या पेशींना रोजचा थोडा मोठा डोस जास्त लागू पडतो, म्हणून बेरीज 78 वरून 60 वर आली तरी कॅन्सरवरचा मार कमी होत नाही. हे कोणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. इंग्लंडमध्ये चिप नावाच्या अभ्यासात 3,216 पुरुष घेतले होते, निकाल 2016 ला आले. 37 सिटिंगवाल्यांत पाच वर्षांनी कॅन्सर न उलटलेले 88.3 टक्के, 20 सिटिंगवाल्यांत 90.6 टक्के. त्याच अभ्यासात 19 सिटिंगमध्ये 57 ग्रे देऊन पाहिलं तर ते 85.9 वर आलं, म्हणजे नुसतं कमी करत गेलं की झालं असंही नाही, डोस नीट मोजूनच ठरवावा लागतो, हे मलाही समजतं. कॅनडाच्या प्रॉफिट अभ्यासात तर 1,206 जण होते, सगळे बाबांसारखे मधल्या धोक्याचे, 39 सिटिंग विरुद्ध 20 सिटिंग अशी सरळ तुलना, 2017 ला छापून आली. पाच वर्षांनी दोन्हीकडे आकडा सारखाच, 85 टक्के. म्हणजे बाबांच्या फाईलवर 39 लिहिलं तेव्हा या गोष्टीला सात वर्षं होऊन गेली होती. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांनीही 2018 मध्ये एकत्र येऊन सांगितलं होतं की असा कमी दिवसांचा पर्याय पेशंटसमोर ठेवा.

कोणी म्हणेल ही गोऱ्यांची गोष्ट, आपली माणसं वेगळी. तर मग परळच्या टाटा हॉस्पिटलात काय करतात ते बघा. तिथल्या अभ्यासात, तोही जास्त धोक्याच्या पेशंटांवर, ज्यांना ओटीपोटातल्या गाठींनाही शेक द्यावा लागतो अशांवर, प्रोस्टेटला 68 ग्रे 25 सिटिंगमध्येच दिलेत, आणि त्याचे निकाल 2021 ला आलेत. पुढे 25 चे 5 करता येतील का याचा अभ्यासही टाटानेच हातात घेतला. 5 चं तर परदेशात 2024 च्या ऑक्टोबरात छापूनही आलं, पेस-बी नावाचा अभ्यास, 874 पुरुष, पाच वर्षांनी कॅन्सर न उलटलेले 5 सिटिंगवाल्यांत 95.8 टक्के, नेहमीच्या पद्धतीत 94.6. मात्र त्यात लघवीचा त्रास जास्त निघाला, शंभरात 27 जणांना, आणि नेहमीच्या पद्धतीत 18 जणांना. म्हणून सगळ्यांना पाचच द्या असं मी म्हणत नाहीये. बाबांना कोणी दोन्ही आकडे सांगून विचारलं असतं तर त्यांनी काय निवडलं असतं कोण जाणे, बहुतेक 20. पण विचारलंच नाही ना.

आणि कोविड आठवतो का? 2020 मध्ये जगभरच्या रेडिएशनच्या डॉक्टरांनी एकमेकांना सांगितलं की पेशंटला हॉस्पिटलात कमीत कमी फेऱ्या पडतील असं बघा, प्रोस्टेटला 20 द्या, जमेल तिथे 5 द्या. विषाणूची भीती होती तेव्हा कमी फेऱ्या चालल्या, मग भुईबावडा घाटासाठी आणि 400 रुपयांच्या खोलीसाठी का चालत नाहीत?

डॉक्टरांची बाजू मला कळत नाही असं समजू नका. काही पेशंटांना कमी दिवसांचा शेक योग्य नसतो, कोणाला आतड्याचा जुना आजार असतो, कोणाला आधीच लघवी तुंबायचा मोठा त्रास असतो, कोणाचं ऑपरेशन होऊन गेलेलं असतं, तिथला हिशोब वेगळा. मशीन जुनं असेल, रोज फोटो घेऊन प्रोस्टेट जागेवर आहे का ते बघायची सोय नसेल, तर रोजचा डोस वाढवणं धोक्याचं, कारण नेम चुकला तर मार आतड्याला बसतो. मान्य. पण बाबांना यातलं काहीच नव्हतं, आणि मशीन रोज आधी स्कॅन घेऊन, टेबल दोन-चार मिलिमीटर इकडे तिकडे सरकवून मगच चालू व्हायचं, मी बाहेरच्या स्क्रीनवर बघितलंय. म्हणजे सोय होती. मी नंतर मोठ्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले आम्ही वर्षानुवर्षं असंच देतो, रिझल्ट चांगले आहेत. रिझल्ट चांगलेच आहेत हो, बाबांचा पीएसए आज 0.2 आहे, कलमांखाली फिरतात, सगळ्यांशी भांडतात. तुम्ही त्यांना बरं केलंत. पण 20 मध्येही बरे झाले असते तर ते मार्चच्या मध्याला घरी आले असते, शिमग्याच्या आधी.

सगळ्यात जास्त सलतं ते बाबांचं नाही. आमच्या शेजारच्या खोलीत मालवणकडचा एक तांडेल होता, साठीचा, बायको सोबत. बोट दुसऱ्याच्या हातात देऊन आलेला, दर दोन दिवसांनी फोनवर आरडाओरडा करायचा डिझेल किती, मासळी किती. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांनी एक वेळ जेवण बंद केलं, त्याची बायको आमच्याकडे पेज मागायला यायची, मागायची म्हणजे काय, भांडं घेऊन नुसती दारात उभी राहायची. 22 सिटिंग झाल्या आणि एका सकाळी खोलीला कुलूप. गेले ते आलेच नाहीत. हॉस्पिटलच्या कागदावर काय लिहिलं असेल? पेशंटने उपचार अर्धवट सोडले. लिहायला सोपं आहे. 20 सिटिंगचा कोर्स असता तर तो माणूस उपचार पूर्ण करून घरी गेला असता, हे गणित मला अजून झोपू देत नाही. 22 सिटिंग घेऊनही त्याचा उपचार अर्धवट, कारण रोजचा डोस लहान, 22 गुणिले 2 म्हणजे 44 ग्रे, आणि 44 ग्रेने हा कॅन्सर बरा होत नाही.

त्यानंतर माझ्या दुकानात प्रोस्टेटवाले तिघेजण येऊन गेले, काका चौथे. एकालाही सिटिंग किती आणि का हे समजावून सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडची माणसं डॉक्टरला विचारत नाहीत, हेही खरं. डॉक्टरसमोर उभं राहिलं की तोंडातून फक्त होय साहेब निघतं, बाहेर आल्यावर मला विचारतात. म्हणून तुम्हीच सांगायला पाहिजे, पेशंट विचारेल म्हणून थांबून चालणार नाही.

तर मागण्या अशा आहेत.

प्रोस्टेट कॅन्सरच्या ज्या पेशंटला शेक द्यायचाय त्याला सुरू करायच्या आधी मराठीत छापलेला एक कागद द्या. त्यात कोणते पर्याय आहेत, 39, 25, 20 की 5, त्यातला त्याला कोणता लागू पडतो, कोणता नाही आणि का नाही, त्रास काय होऊ शकतो. एक पान पुरे. त्याखाली पेशंटची सही घ्या आणि डॉक्टरचीही.

20 सिटिंग ज्याला चालण्यासारखी आहे त्याला 39 द्यायची असेल तर कारण लिहा. प्रोटोकॉल हे कारण धरू नका.

फाईलवर पेशंटचं गाव, अंतर आणि सोबत कोण आहे हे लिहायचा रकाना ठेवा आणि शेड्यूल ठरवताना तो वाचा. वजन-उंची लिहिता ना, तसंच.

योजनेतून पैसे देताना ज्या हॉस्पिटलने 20 सिटिंगमध्ये नीट काम केलं त्याला 39 वाल्यापेक्षा कमी मिळता कामा नये. उलट त्याच मशीनवर तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट माणसांना शेक मिळेल, यादी लवकर सरकेल, यात तुमचाच फायदा आहे.

रोज येऊन शेक घेणारा पेशंट ॲडमिट नसतो म्हणून त्याच्या राहण्या-जेवणाला कुठेच जागा नसते. जो 50 किलोमीटरच्या पलीकडून आलाय त्याला आणि सोबतच्या एकाला राहायची सोय किंवा दिवसाचा भत्ता योजनेतच धरा.

मशीन बिघडलं तर सकाळी मेसेज करा, पाणी पाजून मग सांगू नका. आणि बुडालेल्या सिटिंग शनिवारी भरून काढा, सलग तीन दिवस सुट्टी पडत असेल तर मधला एक दिवस तरी विभाग चालू ठेवा. हे माझ्यासारख्या दुकानदाराला जमतं, दहावीच्या निकालाच्या दिवसांत मी रविवारीही शटर उघडतो.

आणि शेवटचं, जे सगळ्यात अवघड आहे ते मला माहीत आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत. तिथे सरकारी शेकाचं मशीन कधी देणार त्याची तारीख सांगा. मशीनला जाड भिंतींची खोली लागते, परवानग्या लागतात, फिजिसिस्ट लागतो, उद्या होणार नाही, समजतं. पण पहिल्या दोन-तीन मागण्यांना यातलं काहीच लागत नाही, नवीन मशीन नको, नवीन इमारत नको, एक पैसा नको. एक परिपत्रक काढा.

काकांची पहिली सिटिंग येत्या सोमवारी आहे. मुलगा मुंबईला, काकी घरी एकट्या, म्हैस विकायला काढलीय. ज्या घाटातून त्यांनी 30 वर्षं गाडी चालवली त्याच घाटातून ते आता पेशंट म्हणून जाणार. त्यांच्या त्या 39 च्या शेजारी मी पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढून दिलंय, आणि एका कागदावर डॉक्टरांना विचारायचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फाईलला टाचलंय. "साहेब, माझं 20 मध्ये होईल का? नसेल तर का नाही?" काका दोन दिवस ते पाठ करतायत. तरी मला भीती आहे की आत गेल्यावर ते होय साहेब म्हणूनच बाहेर येतील. म्हणून सोमवारच्या आत तुमच्यापैकी कोणीतरी हे वाचावं.

बाबांनी त्यांची पाण्याची बाटली काकांना दिलीय. मार्करची रेघ पुसट झाली होती, ती मी पुन्हा मारून दिली.

आपला,
एका पेशंटचा मुलगा,
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग